पिवळ्या पानांचे फोटो

“बाबा, किती पाणी घालता हो यांना?” गॅलरीत पाऊल टाकताच मुलीने कपाळाला हात लावला.

“भरपूर! तुझी आई म्हणाली होती, हयगय करू नका.”

हयगय केली नव्हती, तेच चुकलं होतं. त्याची उभी हयात पंप दुरुस्त करण्यात, वरच्या मजल्यांवर पाणी चढवण्यात गेलेली. पाणी कमी पडलं की लोक बोंब मारतात, एवढंच त्याला ठाऊक. बायको ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेल्यापासून तो सकाळ-संध्याकाळ बादली रिती करत होता. आता जास्वंद पिवळी पडली होती, गुलाबाने मान टाकली होती आणि कुंड्यांना कुबट वास येत होता.

तिकडे बायको फोटो मागत होती. ऑपरेशन नीट झालं, पण तिचं अन्नावरचं मनच उडालं होतं. भिंतीकडे तोंड करून पडायची आणि झाडांचं तेवढं विचारायची.

“खरं सांगून टाका ना.”

“अगं, आत्ता? घास उतरत नाहीये तिच्या घशाखाली.”

मुलीने उसासा टाकला, जास्वंदीचा फोटो काढला आणि त्यातला रंग घालवून फोन त्याच्यापुढे धरला. “मग असा पाठवा.”

तो बघतच राहिला. पिवळं पान पांढरं झालं होतं, ऊन पडल्यासारखं. शीर न् शीर कोरल्यागत उठून आली होती. इतकी वर्षं याच गॅलरीत तो टॉवेल वाळत घालत होता. या पानाला असे दाते असतात, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

रोज एक फोटो जाऊ लागला.

“रंग कुठे गेला?” तिने फोनवर विचारलं.

“फोन बिघडलाय,” त्याने ठोकून दिलं.

पाणी बंद करून त्याने कुंड्यांची बुजलेली भोकं तारेने मोकळी केली. ते काम त्याच्या हातातलं होतं. इकडे ती हळूहळू जेवू लागली. नर्सच म्हणाली, “आज ताट स्वच्छ!” ते ऐकून त्याला आणखीच अपराधी वाटलं.

तिला घरी आणलं त्या दिवशी जिन्यातच त्याने सुरुवात केली, “अगं, एक सांगायचं राहिलंय...”

“आधी दार उघडा.”

ती थेट गॅलरीत गेली. तो मागे उभा, नजर फरशीवर.

“पिवळी पडलीत हे पहिल्याच फोटोत कळलं मला. हिरवं पान असं पांढरंफटक दिसतं होय?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही एवढं खपून लपवत होतात, बोलू काय! आणि रंग गेल्यावर मला दुसरंच दिसलं.” तिने जास्वंदीची फांदी वाकवली. पान गळालेल्या जागी नव्या फुटीचे बारीक डोळे फुगले होते. “एरवी हिरव्या गर्दीत इथे लक्ष जात नाही. फोटोत खोडच आधी दिसायचं, आणि हे रोज थोडे थोडे मोठे. म्हटलं, मुळं शाबूत आहेत. आता जेवायला हरकत नाही.”

त्याने इतका मोठा श्वास सोडला की ती हसली.

“जगाची मशिनं दुरुस्त करणारा माणूस, आणि घरचा फोन बिघडलेलाच!”

मग ती खुर्चीत टेकली. ती बोट दाखवेल ते पान तो खुडू लागला.

“हे काढा. ते राहू द्या. त्याच्या खालचं...”

पुढे आवाज आला नाही. त्याने वळून पाहिलं. तिची मान एका बाजूला कलली होती, श्वास संथ चालला होता. कचऱ्याचा डबा तिच्या खुर्चीपलीकडे होता. तो अलगद खाली फरशीवर बसला आणि खुडलेल्या पानांचा आवाज होऊ नये म्हणून ओंजळ तशीच उघडी धरून राहिला.