ज्याला कळतं त्याच्यासाठी

माझ्या भाच्याच्या कारखान्यात एक नियम आहे. यंत्राला कधी हात न लावलेल्या माणसाने नुसती पुस्तिका वाचून ते चालवून दाखवायचं, लिहिणाऱ्याने मागे तोंड मिटून उभं राहायचं, आणि मगच पुस्तिका छापायची. भाचा पडला चिक्कू. मावशी फुकट येते.

या वेळी यंत्र एकच, रस काढायचं, पण पुस्तिका दोन. ज्याची सरस ठरेल, तो लेखन विभागाचा प्रमुख. एक उमेदवार माझा जावई, उभा जन्म यंत्रं उघडून-जोडून मग लिहायला बसलेला. दुसरा पोरगा पुस्तिका कशा लिहाव्यात याचीच पदवी घेऊन आलेला. घ्या! उद्या शिंकण्याचीही पदवी निघेल. लेकीने सकाळीच बजावलं होतं, "आई, ह्यांनाच पुढे काढ. त्या पोराच्या हाताखाली हे एक दिवस टिकायचे नाहीत." मी कशाला नाही म्हणतेय? त्यासाठीच तर आले होते.

पदवीधराची पुस्तिका आधी. पहिल्या पानावर उद्दिष्टं, दुसऱ्यावर 'वापरकर्ता' कोणाला म्हणावं याचं पुराण. मग "पिधान दृढ करावे". पिधान शोधत मी यंत्राभोवती चकरा मारल्या. शेवटी पुस्तिका आपटली.

"काकू, कुठल्या ओळीला अडलात?" त्याने विचारलं.

"पिधान म्हणजे काय रे बाबा?"

"झाकण."

"मग झाकणाने तुझं काय घोडं मारलं होतं?"

त्याने मुकाट्याने तो शब्द खोडून 'झाकण' लिहिलं. मी मनात हसले. जावयाला रान मोकळं.

जावयाची पुस्तिका इनमीन एक पान. बरं वाटलं. "फळं टाका. नेहमीप्रमाणे झाकण लावून बटण दाबा." मी झाकण ठेवलं, बटण दाबलं. झाकण उडालं छताला आणि रस माझ्या तोंडावर.

"अहो आई, खटका लावायचा राहिला!" जावई ओरडला.

"कुठे लिहिलंय?"

"ते काय लिहायचं? शेंबड्या पोरालाही कळतं. हे पुस्तक ज्याला कळतं त्याच्यासाठी आहे."

"ज्याला कळतं तो पुस्तक उघडेल कशाला, जावईबापू?"

तो भाच्याकडे बघून हसला. "घ्या, आता सासूबाई शिकवणार मला!" माझ्या डोळ्यांत रस गेलाय, याचीही त्याला पर्वा नव्हती. असल्या अनुभवाचं काय लोणचं घालायचंय?

"मावशी, मग कुणाला करू?" भाच्याने विचारलं.

मी पदवीधराकडे वळले. "कुठे अडलात, हे विचारायला कुणी शिकवलं तुला?"

"दुसऱ्या वर्षाला होतं, काकू."

म्हणजे स्वतःहून सुचलं नव्हतंच. एवढ्या फिया घेऊन कॉलेजाने कामाची गोष्ट शिकवली ती ही एवढीच. पण शिकवली. "यालाच कर," मी भाच्याला म्हटलं. जीव नुसता जळत होता.

जावई दार आपटून निघून गेला. मी तोंड धुतलं आणि लेकीला फोन लावला. काय झालं ते सगळं सांगितलं, पदवीधराच्या त्या प्रश्नासकट.

"रागावलीस?" मी विचारलं.

"नाही गं," ती म्हणाली. "मला तरी कधी विचारलंय त्यांनी, कुठे अडतंय म्हणून?"