फक्त दीड तास

मित्रांनो, मी एक जुना फलक आहे. वय विचाराल, तर अंगावर रंगाचे तीन थर चढले आहेत, त्यावरून काय तो अंदाज करा. विमानाची तिकिटे काढून देणाऱ्या एका दुकानात, काउंटरमागच्या भिंतीवर मी लटकतो. माझ्यावर दोनच ओळी आहेत. वर, आमच्या शहरापासून समुद्राकाठच्या शहराचे अंतर: हजार किलोमीटर. खाली लाल अक्षरांत: विमानाने फक्त दीड तास.

सुताराने मला जाड फळीतून कापले, रंगाऱ्याने रंगवले. 'फक्त' हा शब्द मात्र दुकानाच्या मालकांनी हट्टाने घालून घेतला. त्यांना सगळे तिकीटमास्तर म्हणत. आता खरे सांगतो. दीड तास म्हणजे विमान जमीन सोडते तिथपासून पुन्हा जमिनीला टेकते तिथपर्यंत. या धंद्यात वेळ अशीच मोजतात. दोन तास आधी विमानतळ गाठायचा, रांगा, सामान, उतरल्यावर घरापर्यंतचा रस्ता, यातले काही माझ्यावर लिहिले नाही. जागाही नव्हती म्हणा.

लोकांना मी फार आवडायचो. "जेवून निघालं की चहाला तिकडे!" असे म्हणत ते तिकीट काढत, आणि मी उगाच फुशारून जायचो. मास्तर रोज मला फडक्याने पुसत.

त्यांची आई त्याच समुद्राकाठच्या शहरात, धाकट्या बहिणीकडे राहायची. आईचा फोन आला की मास्तर म्हणत, "अगं, दीड तासावर तर आहेस. केव्हाही येईन." इतके जवळ वाटे, की जाणे राहूनच जाई. अशी चार वर्षे गेली.

एका सकाळी दहा वाजता बहिणीचा फोन आला. "दादा, आईचं काही खरं नाही. सारखी तुझं नाव घेतेय. तुला किती वेळ लागेल? तिला काय सांगू?"

मास्तर ताडकन उठले. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. वीस वर्षे तोंडात बसलेलेच बाहेर पडले. "दीड तास. सांग तिला, दीड तासात आलोच."

मला ओरडावेसे वाटले, पण फळीला तोंड कुठले! दोनचे विमान मिळाले. बहिणीच्या दारात मास्तर पोहोचले तेव्हा साडेपाच वाजले होते. आई चारलाच गेली होती.

महिन्याभराने बहीण दुकानात आली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसून हळूच म्हणाली, "घड्याळ समोर ठेवायला लावलं तिने. साडेअकरापर्यंत डोळा मिटला नाही. बारा वाजले तेव्हा म्हणाली, नसेल जमलं त्याला, तू रागावू नकोस. मग भिंतीकडे तोंड केलं, ते केलंच." पुढे म्हणाली, "साडेपाच म्हणाला असतास ना दादा, तर साडेपाचपर्यंत थांबली असती ती."

त्या दिवसापासून मला कुणी पुसत नाही. माझी तक्रारही नाही. मित्रांनो, एवढेच मागतो: कुणी तुमची वाट पाहत असेल, तर त्याला दारापर्यंतचा वेळ सांगा, हवेतला नको.

अजूनही गिऱ्हाईक येते आणि विचारते, "किती वेळ लागतो हो?" मास्तर पेन खाली ठेवतात आणि आधी विचारतात, "तिकडे कुणी वाट बघतंय का?"