पुढच्याचा हात

रविवारी सकाळी पेट्रोलपंपापाशी दहा-बारा सायकली जमायच्या, पण कप्तान आल्याशिवाय एकाचंही चाक हलायचं नाही. कप्तान म्हणजे किल्ल्या बनवणारा माणूस. बाजारात एका जिन्याखाली त्याचं हातभर दुकान. पण सायकलवर टांग टाकली की गड्याचा रुबाब असा, की बघणाऱ्याला वाटावं हा फौज घेऊनच निघालाय! नवा माणूस आला की कप्तान आधी त्याला हात शिकवायचा. खड्डा दिसला की त्या बाजूचा हात खाली, बोट रस्त्याकडे. कडेला गाडी उभी असली तर हात पाठीमागे नेऊन, सरायचं त्या बाजूला हलवायचा. थांबायचं तर मूठ वर. आणि पुढच्याने जे केलं ते मागच्याने तस्संच करायचं, पार शेवटच्या माणसापर्यंत. शेवटी असायचा बेकरीवाला. त्याला सगळे शेपूट म्हणत. एवढं जाडजूड शेपूट कुठल्या जनावराला असेल, देव जाणे.

"लोक म्हणतात, पुढच्याला ठेच, मागचा शहाणा," कप्तान नव्या माणसाला सांगायचा. "आपल्यात ते चालायचं नाही. आपल्यात पुढच्यानं बघायचं आणि मागच्यानं मानायचं. मागचा आपल्या जिवावर डोळे मिटून येतोय, हे पुढच्याच्या ध्यानात पाहिजे."

दुसऱ्या नंबरवर त्याची धाकटी लेक. थोरली लग्न होऊन लांब गेलेली. धाकटी रंगाच्या दुकानात कामाला होती. दिवसभर डबे उघडायचे, गिऱ्हाइकाला हवी ती छटा कालवून द्यायची. नखांत कायम रंग. रविवारी मात्र तिला बापाची पाठ आणि बापाचा हात, एवढंच दिसायचं. आई गेली तेव्हा कप्तानाने दुकानाचं शटरही वर केलं नव्हतं कित्येक दिवस. जेव म्हटलं तर जेवायचा, झोप म्हटलं तर झोपायचा. शेवटी शेपूट आणि रांगेतलेच शिंपीकाका घरी आले, सायकल जिन्यावरून खाली उतरवली आणि म्हणाले, "कप्तान, रांग उभी आहे." तेवढ्यावर माणूस उठला. म्हणून या रविवारच्या रांगेला धाकटी देवासारखी जपायची.

आणि त्यातच सगळा घोटाळा झाला.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सरळ, ओळखीचा रस्ता. डाव्या हाताला गटाराचं झाकण उघडं पडलेलं. कप्तानाचा हात काही खाली आला नाही. त्याचं चाक झाकणाला घासून गेलं, सायकल डुगडुगली, सावरली. धाकटीला विचार करायला वेळच नव्हता. तिचा हात आपोआप खाली गेला, मागच्या सगळ्यांचे हात खाली गेले, आणि रांग सुखरूप पुढे निघाली. तिला वाटलं, होतं एखाद्या वेळी. पण पुढच्या रविवारी दोनदा झालं. मग उभी गाडी त्याला दिसेना, मग कुत्रं दिसेना. घरी दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा आणि चौकटीलाच शिव्या घालायचा.

"बाबा, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या ना."

"कशाला? या डोळ्यांनी मी किल्लीचा सुईएवढा दात घासतो. तू करून दाखव."

खरंच घासायचा. समोरचं त्याला अगदी लख्ख दिसत होतं. मग तीही गप्प बसली. आणि दर रविवारी, बापाने न दाखवलेला प्रत्येक खड्डा ती मागच्यांना दाखवू लागली. इतकं बेमालूम, की मागच्यांना वाटावं हात कप्तानाकडूनच आलाय. एकाला शंका आली नाही. कप्तानालाही नाही! आपल्या मागून येणारं कोणी पडत नाही, म्हणजे आपलं सगळं ठीक आहे, असंच तो बिचारा धरून चालला. अगं वेडे, असं कुठे निस्तरतं का? पण तिला त्याचं ते शटर न उघडलेलं दुकान आठवायचं आणि तोंड उघडायचं नाही.

उन्हाळा सरता सरता एका रविवारी मोठा चौक आला. चौकात पुढच्याने दोन्हीकडे बघायचं आणि "मोकळं!" म्हणून आरोळी द्यायची, मग रांग ओलांडते. कप्तानाने मान वळवली, "मोकळं!" म्हणाला आणि पॅडल मारलं. धाकटीला डावीकडून पाण्याचा टँकर येताना दिसला. तिने मूठ वर केली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "थांबा!"

कप्तान पार झाला. टँकर हॉर्न कोकलत त्याच्या मागच्या चाकाजवळून गेला. मागे मात्र गोंधळ उडाला. ज्यांनी "मोकळं" ऐकलं ते निघाले, ज्यांनी मूठ पाहिली ते थांबले. रांगेत शाळेतल्या गणिताच्या बाई होत्या, त्यांनी ब्रेक दाबला आणि शिंपीकाका त्यांच्यावर जाऊन आदळले. बाई रस्त्यावर पडल्या. मनगट नको तसं वळलं.

सगळ्यांनी त्यांना उचलून फुटपाथवर बसवलं. कप्तान सायकल हातात धरून परत आला, रागाने लाल.

"मूठ कोणी वर केली?"

"मी," धाकटी म्हणाली.

"मी मोकळं म्हटल्यावर?"

"हो."

"का?"

शिंपीकाका घाम पुसत म्हणाले, "पोरी, आम्ही तुमच्या हातांवर चालतो गं. बाप एक सांगणार, तू एक सांगणार, मग आम्ही मेलोच की."

"ऐकलंस?" कप्तान म्हणाला. "पुन्हा रांगेत यायचं नाही. माझी मुलगी असलीस म्हणून काय झालं?"

सगळ्यांदेखत बोलला तो. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण तिने तेही गिळलं. असू दे, तिला वाटलं, माझ्या माथी मारा, बाबांचा मान राहू दे. ती आयुष्यभर ऐकून घ्यायला तयार होती. पण कप्तान पुढे म्हणाला, "शेपूट, तू बाईंना दवाखान्यात ने. बाकीचे माझ्यामागे लागा. शिंपी, तू दुसरा."

आणि शिंपीकाका खरंच सायकल घेऊन त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. घरी दोन नातवंडं असलेला माणूस, कप्तानाच्या हातावर डोळे लावून. आता मात्र गप्प बसणं म्हणजे पाप होतं.

"बाबा, डावीकडून टँकर आला होता. तुम्हाला दिसला नाही."

"कसला टँकर?"

"तो हॉर्न..."

"हॉर्न मागून होता." त्याने शिंप्याकडे पाहिलं. शिंपीकाकांनी मान खाली घातली. मग शेपटाकडे पाहिलं.

"होता, कप्तान," शेपूट हळूच म्हणाला. "निळा. वाचलात तुम्ही."

कप्तान लेकीकडे वळला. आवाज एकदम खाली आला होता. "कधीपासून?"

"हिवाळ्यापासून. खड्डे, गाड्या... तुम्ही दाखवत नव्हता. मी दाखवत होते."

"सगळे?"

"बरेचसे."

फुटपाथवरून गणिताच्या बाई, हात छातीशी धरलेला तसाच, म्हणाल्या, "माझ्या आईचं असंच झालं होतं. कडेचं दिसेनासं होतं, समोरचं शेवटी जातं. गेलेलं परत येत नाही, पण औषधाने उरलेलं टिकतं. अगं, तेव्हाच दाखवलं असतं..."

धाकटीच्या पायांखालची जमीनच सरकली. सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा ती बापाला सांभाळत होती, आणि तेवढ्या दिवसांत त्याची नजर चालली होती. एकदा जरी त्याला पडू दिलं असतं, एकदा जरी मागचा माणूस धडपडला असता, तरी तो स्वतःहून डॉक्टरकडे गेला असता. तिच्याच हाताने त्याला डॉक्टरपासून लांब ठेवलं.

"बाबा, मला वाटलं..."

"माझं बाहुलं करून बसवलंस पुढं," कप्तान म्हणाला. "मी म्हणत होतो, या वयातही रांग कशी चोख नेतो. हसत असशील मनातल्या मनात."

"नाही हो, बाबा! शपथ!"

त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. त्याने सायकल शिंपीकाकांच्या हातात दिली आणि चालू लागला. धाकटीही आपली सायकल ढकलत त्याच्या मागोमाग निघाली. "बाबा, हळू. बाबा, पायरी आहे." पायरीला त्याचा पाय अडखळला, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही. ती रडत होती आणि रस्त्यावरचे लोक बघत होते.

पुढच्या चौकात तो कडेला थांबला. गाड्या दोन्हीकडून जात होत्या. त्याने डावीकडे मान वळवली, उजवीकडे वळवली, पुन्हा डावीकडे. एक पाय खाली टाकला आणि मागे घेतला. ती त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती. "बाबा, थांबा, मी सांगते," ती म्हणाली. त्याला ऐकू गेलं होतं. त्याची मान तेवढीच ताठ झाली.

तेवढ्यात रस्ता ओलांडायला भाजीची पिशवी घेतलेली एक बाई शेजारी येऊन उभी राहिली. कप्तान तिच्याकडे वळला.

"ताई, मला जरा पलीकडे सोडता का? कडेचं दिसत नाही मला."

"या ना, काका. एकटेच निघालात?"

"हो," तो म्हणाला. "एकटाच आहे."

बाईने त्याचा हात धरला. रस्ता मोकळा झाला तशी ती दोघं सावकाश पलीकडे गेली.