आसरांचा नवा ओटा

वारज्याच्या खाली मुठेचा एक डोह कसाबसा तग धरून होता. त्याच्या काठी साती आसरा, पाण्याच्या देवी: शेंदूर फासलेले सात दगड, अर्धे गाळात. नदीचा हा तुकडा संरक्षित वारसा म्हणून जाहीर झाला तर वाचणार होता, नाहीतर भराव टाकून त्यावर भिंत उभी राहणार होती. प्रस्ताव लिहिला होता कॉलेजात शिकवणाऱ्या नम्रतानं, आणि आसरांची पिढीजात पूजा करणाऱ्या काठावरच्या घरातली शेवटची बाई होती सरुबाई.

"वारसा समिती पाहणीला येणार आहे. तिला दाखवायचंय, आजी, की माणसांचं या पाण्याशी अजून नातं आहे," नम्रता म्हणाली. "नेहमी करता तेवढंच करा. फक्त नाला म्हणू नका."

"मी काय येडी हाय व्हय?" सरुबाई म्हणाली. या डोहाचं पाणी पिऊन तिनं संसार थाटला होता. आता मात्र घरात सगळेच त्याला नाला म्हणत, तीसुद्धा.

पण मोठी माणसं येणार आणि देवी अशा घाणीत? तिच्यानं राहवेना. मुलाच्या, सूरजच्या मागे लागून तिनं आसरा वर रस्त्याकडेला आणवल्या. पांढऱ्या टाइल्सचा ओटा, वर पत्रा, पुढे स्टीलचा कठडा, आणि देवी सिमेंटमध्ये पक्क्या बसवलेल्या. नम्रताला मुद्दाम सांगितलं नाही. पोरगी हरखून जाईल, या विचारानं ती स्वतःच हरखली होती.

समिती आली. ओटा पाहून नम्रता जागीच थिजली. सरुबाईला वाटलं, आनंदानं.

"वा! अगदी बाथरूमसारखं चकचकीत," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "देवी मूळच्या इथल्याच का?"

"न्हाय जी, खाली डोहाला हुत्या. लई वास मारतंय तितं, म्हून वर आणल्या."

तिनं मनोभावे ओटी भरली, हिरव्या बांगड्या वाहिल्या आणि जारमधलं पाणी देवींवर घातलं.

"हे पाणी नदीचंच ना, आजी?"

"त्या नाल्याचं? देवीच्या अंगावर?" तिला हसूच फुटलं. "कायतरीच काय, सायेब!"

मग तिनं जीभ चावली. कुणीच हसलं नव्हतं.

"म्हणजे देवींनीच नदी सोडली म्हणायची," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले. "मग आम्ही नातं कसलं दाखवायचं?" माणूस वाईट नव्हता, खरं तेच बोलला होता.

गाड्या गेल्या. नम्रता एका शब्दानंही रागावली नाही, आणि तेच सरुबाईला सोसवेना.

"पुन्ना खाली ठिवू का गं? सूरजला बलावते."

"राहू द्या, आजी. आता भिंतच होणार तिथं."

सरुबाई एकटीच डोहावर उतरली. दगड काढले होते तिथं खड्डे पडले होते आणि त्यांत काळं पाणी भरलं होतं. फार वाईट वाटलं तिला. देवींचं घर आपणच मोडलं, निदान माफी तरी मागावी, म्हणून हात जोडायला गेली. पण एकच हात पुढे आला. दुसऱ्या हातानं तिनं पदर नाकाला दाबून धरला होता.