काढ्यावर वाढलेला बॉयलर

मी एक बॉयलर कोंबडा बोलतोय, पण जरा हळू बोलतो. मोठ्यानं बोललो की माझा मीच दचकतो.

आगरदांड्याच्या रस्त्याला क्रांतीताईंची शेड आहे. खोक्यातून इथे उतरलो तेव्हा मी मुठीत मावत होतो, भीती मात्र शेडभर! बल्ब लागला, भ्यालो. कावळा ओरडला, भ्यालो. भुशात स्वतःचाच पाय लागला, तरी भ्यालो.

मागच्या खेपेला औषधं पाजूनही पिल्लांची पोटं बिघडली होती, म्हणून या वेळी ताईंनी झाडपाल्याचा काढा करायचं मनावर घेतलं. कडुनिंब, तुळस, आलं, शेवग्याचा पाला. सासरे धर्माजी हसले, "पाल्यानं कधी कोंबडी वाढतात व्हय?"

"वाढतील, बघा तुम्ही," ताई म्हणाल्या.

पण माणसांची एक समजूत भारी विचित्र: जेवढं कडू, तेवढं गुणकारी! ताईंनी कडुनिंब असा काही उकळला की पाणी काळपट झालं. चोच बुडवली आणि आई गं! कोणीच पिईना. वर पत्रा तापलेला, खाडीकडून वाऱ्याची झुळूक नाही. आम्ही चोची वासून धापा टाकत होतो. शेजारचं पिल्लू आडवं झालं ते उठलंच नाही. आता माझी पाळी, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात सासूबाई, आवडाबाई आल्या. त्यांनी बोट बुडवून चाटलं आणि थू! "अगो क्रांते, ह्ये तू तरी पिशील का? जीव घेशील त्यांचा!"

ताई रडवेल्या झाल्या. सगळं ओतून देऊन त्यांनी साधं पाणी ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून काढा पातळ झाला, त्यात गुळाचा खडा पडला. मी प्यालो. पोट ठीक झालं, भूक लागली, अंगही भरलं.

आज व्यापारी स्वप्निल आलाय. "काढ्यावरची ना? वजन भरत न्हाय त्यांचं. एक तोलून दाखवा. दोन किलो भरला तर सगळी आत्ता उचलतो, न्हाय तर पुढच्या आठवड्यात बघू."

माझी तर गाळणच उडाली. मी पंख पाडले, मान टाकली, लंगडून दाखवलं. आजारी कोंबडा कोण नेणार?

"ह्यो बिमार हाय वाटतं," स्वप्निल म्हणाला.

"बिमार? अवो, नुसता भित्रा हाय तो!" ताई हसल्या. "ह्यालाच तोला. माझ्या काढ्याचा सगळ्यात गुणाचा कोंबडा."

किती कौतुकानं उचललं हो त्यांनी मला! आता पाय दोरीनं बांधलेत आणि काट्याच्या आकड्याला मी उलटा टांगलोय. ताई काट्याकडे आशेनं बघतायत. त्यांचा काढा खरा ठरावा असं मलाही वाटतं, देवाशप्पथ वाटतं. पण मला मरायचं नाही.

काटेदादा, एवढ्या वेळी खोटं बोल. आठवडाभरच मागतोय रे मी.