लोइल्यू : वीसपैकी तीन

अंगठा आपलाच होता — चौथ्या जोडपत्रातल्या फोटोत, भट्टीच्या खालच्या विटेशेजारी, ओल्या सिमेंटात उगीच टेकवलेला आणि तसाच वाळलेला, मधोमध आडवी चीर असलेला अंगठा... तेर्होने स्वतःचा अंगठा कागदाशेजारी ठेवून पाहिला. चीर जुळली.

तेर्हो म्याहोनेन हा दावा हरला. पुढच्या एप्रिलमध्ये हेलसिंकीच्या कोर्टाने त्याचा अर्ज फेटाळला, तोही पाच पानी निकाल देऊन आणि अत्यंत सभ्य भाषेत. हे एकदाचं सांगून टाकलं. आता ते घडलंच नाही असं धरून चालू, कारण नोव्हेंबरातल्या या बुधवारी सकाळी ते खरोखरच घडलेलं नव्हतं. अर्जाच्या मुदतीचा चौदावा दिवस होता, कोर्टाची खिडकी सव्वाचारला बंद होणार होती आणि तेर्हो स्वयंपाकघरात बसून, पत्नी राउनीच्या लॅपटॉपवर दोन बोटांनी, 'अन्याय' हा शब्द लिहीत होता.

अन्याय साधा होता. कुइवालम्पी नगरपालिकेला तळ्याकाठी सार्वजनिक सौना, म्हणजे गरम वाफेत बसायची खोली, बांधायचा होता. निविदा दोनच आल्या — एक तेर्होची, दुसरी त्याच्या जुन्या दोस्ताची, इल्पोची — आणि किमती इतक्या जवळजवळ की निकाल गुणवत्तेवर लागला, आणि गुणवत्तेत एक रकाना होता लोइल्यूचा, वीस गुणांचा. लोइल्यू म्हणजे तापल्या दगडांवर पाणी फेकल्यावर जे काही उठतं ते. नुसती वाफ नव्हे. नुसती वाफ किटलीतूनही निघते. माणसाने बांधलेल्या भट्टीचा तो जीव, आणि त्या जिवाला वीसपैकी तीन. इल्पोला सतरा. समितीचे तिघे या दोघांनी बांधलेल्या एकेका सौनात बावीस-बावीस मिनिटं बसून आले होते. इतिवृत्तात लिहिलं होतं, 'चर्चा झाली नाही.' सौनात चर्चा होत नसतेच, पण तशी नोंद करायची असते.

तेर्होच्या लोइल्यूविषयी शेरा होता : 'घाईची. घशाशी येते.' तेरा दिवस हे तीन शब्द त्याच्या घशाशी होते. कामावरच्या तिघा माणसांचा हिवाळा या सौनावर अवलंबून होता हे खरं, ते त्याने अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहिलंही होतं... पण रात्री कूस बदलताना त्याला हिवाळा आठवत नव्हता, घसा आठवत होता.

आणि आज सकाळी, मागून मागून, जोडपत्रं आली. इल्पोने समितीला कुठला सौना दाखवला? त्याच्या स्वतःच्या घरामागचा.

म्हणजे एक्क्याण्णवचा जुलै — दोघांची लग्नं एकाच महिन्यात, दोघांकडेही दमडी नाही, म्हणून आहेर म्हणून एकमेकांचा सौना बांधायचा असं ठरलं, सगळं गाव मदतीला, कुणी लाकूड तासतंय, कुणी बिअर आणतंय, अशा कामात कुणी काय केलं हे कुणी लिहून ठेवत नाही, लिहून ठेवणारा माणूस पुन्हा बोलावला जात नाही... आणि इल्पोची भट्टी लावली मी. वाकून, दगड निवडून निवडून, सबंध दिवस. आणि माझी भट्टी...

तेर्हो उठून खिडकीशी गेला. बागेच्या टोकाला त्याचा स्वतःचा सौना निरागसपणे उभा होता. समितीला तोच दाखवला होता. भिंती त्याच्या, बाकं त्याची, छप्पर त्याचं. भट्टी इल्पोने लावली होती, अर्ध्या तासात, शिट्टी वाजवत. चौतीस वर्षांत तो हे साफ विसरला होता, जसा इल्पोही विसरला असणार. आपल्या घरात जे तापतं ते माणूस आपलंच समजतो.

"राउनी," तो म्हणाला. राउनी वेलदोड्याचा पाव कापत होती. "आपल्या सौनातली लोइल्यू कशी आहे?"

"वाईट."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"तू विचारलं नाहीस. आणि एक शनिवार आड इल्पोकडे जायचोच की. मी तेवढ्यावर भागवलं."

पाहुणे आपल्याकडे दहा मिनिटांत बाहेर पडायचे, त्यांना तळ्यात पोहायची फार हौस असं तो समजत आला होता. जानेवारीतसुद्धा.

त्याने शेरा पुन्हा वाचला, यावेळी इल्पोच्या नावापुढचा : 'सावकाश येते. खांद्यावर बसते. जाताना सांगून जाते.' तेर्होचे कान लाल झाले. एवढं चांगलं त्याच्याविषयी कुणीच कधी बोललं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. तो पुन्हा वाचू लागला, तेवढ्यात फोन वाजला. इल्पो.

"झाला का माझ्याविरुद्धचा अर्ज?"

"चाललाय."

"दुहेरी अक्षरं तपासून घे. गेल्या वेळी एक अक्षर गाळून 'नगरपालिका' अशी लिहिली होतीस की कारकुनाला वाटलं कोंबडीची जात आहे."

"राउनी तपासते."

"मग ठीक. शनिवारी कुणाकडे? पाळी तुमची आहे."

आता सांगावं, असं तेर्होला वाटलं. एका वाक्याचं काम होतं — इल्प्या, ते सतरा माझे आहेत लेका. पण मग ते तीन कुणाचे, हेही त्याच वाक्यात आलं. आणि अर्जात लिहावं, तर दोघांनीही दुसऱ्याची भट्टी आपली म्हणून दाखवलेली, दोघेही बाद, पुन्हा निविदा, आणि शहरातली कुठली तरी कंपनी येऊन बटण दाबल्यावर तापणारा सौना उभा करणार. न लिहावं, तर अर्जात उरतं काय? फक्त 'अन्याय' हा शब्द.

"तुमच्याकडेच येतो," तेर्हो म्हणाला.

"का रे? तुमच्याकडे काय झालं?"

"घशाशी येते."

पलीकडून इल्पो अगदी हळू आवाजात, सांत्वन केल्यासारखा म्हणाला, "मला कधी बोलवेना रे. तू एवढ्या हौसेने बांधलेला."

फोन ठेवल्यावर तेर्हो हसला की काय ते राउनीला नीट कळलं नाही. खांदे मात्र हलत होते. साडेतीनला अंधार पडला. त्याने पावाचा तुकडा तोंडात टाकला, पहिल्या परिच्छेदातला हिवाळा तसाच ठेवला, 'अन्याय' खोडला, आणि बोटं आपोआप चालू लागली — सावकाश, घाई न करता, सव्वाचारला पुष्कळ वेळ असल्यासारखी. इल्पोच्या घरामागे आपलं काहीतरी चौतीस वर्षं दर एका शनिवारआड लोकांच्या खांद्यावर बसत आलं होतं, आणि आपणही तिथे डोळे मिटून, कुणाचं आहे हे न विचारता... किती बरं वाटायचं.

"काय मागतोयस शेवटी?" राउनी मागून वाचत म्हणाली. तिने एक दुहेरी अक्षर दुरुस्त केलं आणि बाकीचं जसं होतं तसं राहू दिलं :

'सबब, अर्जदाराची मा. न्यायालयास नम्र विनंती की, सदर कंत्राट श्री. इल्पो काइनुलाइनेन यांच्याकडेच कायम ठेवण्यात यावे. मात्र लोइल्यू या शीर्षाखाली त्यांना दिलेले सतरा गुण अर्जदाराच्या नावे वर्ग करावेत. अर्जदाराचे तीन गुण ज्यांचे असतील त्यांस परत न करता नष्ट करावेत. आणि सदर आदेशाची प्रत सर्व संबंधितांस देण्यात यावी, इल्पो वगळून.'