परत आलेला चाकू

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी खिशात मावणारा एक जुना घडीचा चाकू आहे आणि स्वभावाने संशयी आहे. कुणी मला हातात घेतलं की त्याचा अंगठा कुठे आहे ते मी आधी पाहतो.

पूर्वी मी असा नव्हतो. कारखान्यात माझं पातं तापवलं, तेलात बुडवलं, घासूनपुसून लखलखीत केलं, तेव्हा मला सगळं जग भलं वाटायचं. उघडलेलं पातं अचानक मिटू नये म्हणून मुठीत एक छोटा खटका बसवला. माझी सारी अब्रू त्या खटक्यावर.

माझा पहिला मालक फोटोंच्या चौकटी करायचा. आधी "हा माझा उजवा हात" म्हणून मला मिरवायचा. मग त्याने माझ्याकडून स्क्रू पिळून घेतले, रंगाचे डबे उचकटले, आणि पुसायचं मात्र नाव नाही. एक दिवस खटका निसटला, पातं मिटलं आणि त्याच्या बोटाला चार टाके पडले. "दगाबाज आहे हा," म्हणत त्याने मला जिथून विकत घेतलं होतं, त्या धारवाल्याच्या दुकानात परत देऊन टाकलं. मला फार लागलं ते. तीन वर्षं मी 'परत आलेला' अशी चिठ्ठी घेऊन काचेच्या कपाटात पडून राहिलो.

मग एक मुलगी मामाला घेऊन आली. ती रोपवाटिकेत नुकतीच कामाला लागली होती. दोऱ्या कापायला, पोती उघडायला तिला चाकू हवा होता, आयुष्यातला पहिलाच. मामाने अकरा पात्यांचं एक जाडजूड प्रकरण उचललं.

"हा घे. कात्रीसुद्धा आहे यात."

"मामा, हा खिशात ठेवला तर पँट खाली येईल."

तिने मला उचललं. अंगठा पात्याच्या वाटेत नव्हता. तरी मी मनात म्हटलं, सुरुवातीला सगळेच गोड वागतात.

"काका, हा परत का आला?" तिने धारवाल्याला विचारलं.

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. धारवाला जरा चपापला. "खटका धरत नाही म्हणे. मला तर बरा वाटतोय."

"आत उघडून पाहिलंत?"

"नाही, वरवरच."

"मग पाहा ना."

त्याने मला खोललं. खटक्याच्या खोबणीत खिशातला मळ आणि वाळलेला रंग ठासून भरला होता. ओशाळून त्याने सगळं साफ केलं, तेलाचा थेंब सोडला आणि पात्याची बोथट पाठ टेबलाच्या कडेवर दाबली, बोटं पात्याच्या वाटेतून दूर ठेवून. पातं हललं नाही. तिने स्वतः तीनदा तसंच करून पाहिलं आणि मगच मला घेतलं.

आजही कामावर निघण्याआधी ती रोज माझा खटका तपासते. मला याचा राग यायचा. सहा वर्षं इमानाने राबलो, तरी हिचा संशय जात नाही! गेल्या महिन्यात एका सकाळी तिने पाठ दाबली आणि पातं सटकन मिटलं. खोबणीत मातीचा खडा अडकला होता. तिची बोटं लांब होती, म्हणून वाचली.

मित्रांनो, चाकू वापराल तेव्हा त्याला रोज पुसा, रोज तपासा, आणि माझ्या शब्दावर तर मुळीच जाऊ नका. त्या सकाळीही मला वाटत होतं, मी अगदी ठणठणीत आहे.